शिळे खून, मेलेले कायदे

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला लोक रसिक म्हणतात. जुनी नाणी जमवणाऱ्याला अभ्यासक म्हणतात. अडकित्ते आणि दिवे जमवणाऱ्या केळकरांचं तर पुण्यात अख्खं संग्रहालय आहे, शाळांच्या सहली येतात तिथे. खून, दरोडे, खटले आणि कायदा यांची जुनी पुस्तकं जमवणाऱ्याला मात्र एकच प्रश्न विचारला जातो : "तुम्ही वकील का?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. पाहुणा चहाचा पहिला घोट जरा विचार करून घेतो, इतकंच.

त्याचंही चुकत नाही. आमच्या बैठकीच्या खोलीतलं कपाट उघडलं की वरच्या खणात ज्ञानेश्वरी, दासबोध आणि आईची पोथ्यांची पिशवी. दुसऱ्या खणापासून माणसं पटापट मरायला लागतात. तिथे जयसिंग मोदींचा वैद्यकीय न्यायशास्त्र आणि विषशास्त्रावरचा ग्रंथ आहे. तो पहिल्यांदा निघाला १९२० साली, आणि तेव्हापासून डॉक्टर आणि वकिलांच्या कित्येक पिढ्यांना पुरून उरला. माझ्या प्रतीच्या मूळ मालकाने बाकी सगळा ग्रंथ कोरा ठेवून फक्त विषांच्या प्रकरणांत लाल पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. परीक्षेला तेवढंच येणार होतं, असं मी धरून चालतो. दुसरं काही धरलं तर झोप लागत नाही. एकदा सोमलाच्या प्रकरणात मी खूण म्हणून विजेचं बिल ठेवलं होतं. भरायची तारीख जवळ आली तशी बायकोने शोधाशोध केली आणि ते तिच्या हाती लागलं. तिने उभ्या उभ्या चार ओळी वाचल्या, बिल काढून घेतलं आणि म्हणाली, "अहो, उगाच कशाला डोळे फोडताय? स्वयंपाक माझ्याकडे आहे."

आता लोकांना वाटतं, या माणसाला रक्ताची आवड असणार. खरं सांगतो, सकाळच्या पेपरातली खुनाची बातमी मला वाचवत नाही. मी पान उलटून हवामानाकडे जातो. टीव्हीवर वार्ताहर ओरडायला लागला की आवाज बंद करतो. माझ्या मते खून लोणच्यासारखा मुरावा लागतो. तीस-चाळीस वर्षं गेली, कागद पिवळा पडला, अपिलं संपली, आरोपी, वकील आणि न्यायाधीश असे सगळे एकाच कोर्टात रुजू झाले, की मग तो वाचायला घ्यावा. कायद्याचंही तेच. चालू कायद्याची भीती वाटते. त्याच्या पुस्तकात आपण कुठे सापडतोय का, हेच माणूस शोधत बसतो. कायदा रद्द झाला की तो वाङ्मय होतो.

हे मुरलेले खून आणि मेलेले कायदे मिळण्याची ठिकाणं ठरलेली. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार. तिथे नळाच्या जुन्या तोट्या, एका पायाचा स्टँड आणि दोऱ्याने बांधलेले चष्मे यांच्या मधोमध पुस्तकांचा ढीग असतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे पदपथ आहेत. मुंबईला गेलं तर फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळचे आणि किंग्ज सर्कलचे पुस्तकवाले. आणि या सगळ्यांच्या वर, गंगोत्रीच्या जागी, आपापल्या गल्लीतला रद्दीवाला.

ग्रंथपालांची वर्गीकरणाची पद्धत वेगळी आणि जुनी पुस्तकं विकणाऱ्यांची वेगळी. आमच्या पुस्तकवाल्याकडे तीनच वर्ग आहेत : जाड, बारीक आणि 'तसलं'. दंडसंहितेची टीका जाड. रहस्यकथा बारीक. मुखपृष्ठावर बाई किंचाळत असली तर तसलं, मग आत भले पोलिसांच्या तपासाचा कोरडा अहवाल असो. भाव पुस्तकाकडे बघून ठरत नाही, गिऱ्हाइकाकडे बघून ठरतो. म्हणून हवं ते पुस्तक आधी हातात घ्यायचं नाही, हा पहिला नियम. आधी एखादा पाककृतींचा ग्रंथ उचलायचा, वास घ्यायचा, ठेवायचा. मग 'सुलभ बागकाम'. मग सहज, अगदी कंटाळल्यासारखं, 'आणि हे केवढ्याला?' हा सगळा अभिनय मी वर्षानुवर्षं मन लावून करत आलो. मागच्या दिवाळीच्या सुमारास मी पाककृतींचं पुस्तक उचलताच तो म्हणाला, "काका, ते राहू द्या. तुमचं खुनाचं बाजूला काढून ठेवलंय. दीडशे."

बारीक वर्गातला राजा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या या माणसाने. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या नादाने मराठी मुलांच्या किमान दोन पिढ्यांनी भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचायची कला आत्मसात केली. पुढे गुरुनाथ नाईक आले, त्यांनीही हजाराच्या घरात मजल मारली. सुहास शिरवळकर आले. त्यांचा अमर विश्वास हा वकील, त्यामुळे त्याच्यावरून माझ्या संग्रहाच्या गुन्हा आणि कायदा या दोन्ही शाखा जोडल्या जातात, असं मी घरी सांगतो. घरचे ऐकून घेतात.

या पुस्तिकांच्या बहुतेक प्रती कुठल्या ना कुठल्या फिरत्या वाचनालयातून निवृत्त होऊन आलेल्या असतात. त्यांच्या अंगावर सगळा सेवाकाळ दिसतो. माझ्याकडच्या एका प्रतीचं वर्णन करतो. मुखपृष्ठ मूळचं नाही. त्या जागी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा दाभणाने शिवला आहे, त्यामुळे पिस्तूल रोखलेल्या माणसाऐवजी गव्हाची लोंबी दिसते. आत वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, पहिल्या पानावर, मधल्या पानावर आणि नेमका मृत्युपत्राच्या मजकुरावर. पान बारावर काका साहेबांच्या बंगल्यात पाऊल टाकतात आणि समासात शाईच्या पेनाने लिहिलेलं आहे : 'हाच खुनी.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात : 'नालायका, कशाला सांगितलंस?' आणि त्याच्याही खाली, पेन्सिलीने, शांत, मोडीच्या वळणाच्या अक्षरात : 'दोघेही चूक. शेवट पाहा.' शेवट पाहायला गेलो तर शेवटची चार पानं नाहीत. गेली कित्येक वर्षं मी बाबूरावांपेक्षा त्या पेन्सिलवाल्याच्या शोधात आहे.

मासिकांचं जग निराळं. महाराष्ट्र पोलिसांचं स्वतःचं मासिक आहे, 'दक्षता'. त्यातल्या तपासकथांची मला फार ओढ. कारण त्यांत गुन्हेगार सापडतोच. पोलीसच छापणार म्हटल्यावर न सापडलेला कशाला छापतील? बोटाचा ठसा, धोब्याची खूण, बसचं तिकीट, असं करत करत हवालदार शेवटी दारात उभा राहतोच. रात्री दोन तपासकथा वाचून झोपलं की राज्यात सगळं आलबेल आहे असं वाटतं आणि सकाळी पेपर येईपर्यंत तसंच वाटत राहतं. याच्या उलट अलाहाबादच्या मित्र प्रकाशनाचं 'मनोहर कहानियाँ'. तिथे सगळा भर गुन्हा का झाला यावर, आणि तो नेहमी एकाच कारणाने होतो. दोन्हींचे जुने अंक मिळण्याची हुकमी जागा म्हणजे केशकर्तनालय. मात्र तिथले अंक विकत मागता येत नाहीत. न्हावी मान धरून उभा असताना सौदा करायचा नसतो.

इंग्रजी साप्ताहिकांत माझा जीव अडकलाय तो 'ब्लिट्झ'च्या १९५९ सालच्या अंकांत. त्या वर्षी २७ एप्रिलला नौदलाच्या कमांडर नानावटीने बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला मुंबईत त्याच्याच घरी गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ'चे संपादक करंजिया यांनी नानावटीची बाजू अशी उचलून धरली, की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जायला लागला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे त्याला जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. शेवटी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. या सगळ्यात मला भावतो तो टॉवेल. आहुजा नुकताच न्हाऊन आला होता आणि त्याच्या कमरेला फक्त टॉवेल होता. बचाव पक्ष म्हणाला, झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. सरकार पक्ष म्हणाला, झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर कसा राहिला? इतक्या मोठमोठ्या कायदेपंडितांनी एका टॉवेलच्या गाठीवर इतका खल केलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. आमच्याकडे चिरंजीव आंघोळीहून आले की त्यांचा टॉवेल झटापट न होताही जागेवर राहत नाही. या मुद्द्यावर सरकार पक्षाला मी पत्र लिहिलं असतं, पण तेव्हा माझा जन्म झाला नव्हता.

असो. आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ हा दिवस देशातल्या वकिलांनी चिंतेत घालवला आणि आम्ही जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांनी सणासारखा. त्या दिवसापासून १८६० चा भारतीय दंडसंहितेचा कायदा गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा हे दोघेही सोबतच गेले. ५११ कलमांच्या जागी ३५८ आली. खून ३०२ मधून १०३ मध्ये राहायला गेला. फसवणुकीचं ४२० कलम ३१८ मध्ये गेलं आणि राज कपूरच्या १९५५ च्या सिनेमाला निराधार करून गेलं. वकिलांच्या कचेऱ्यांतून रतनलाल-धीरजलाल यांच्या टीकेचे ठोकळे निघाले आणि हातगाड्यांवरून थेट काट्यावर आले. ज्या ग्रंथाच्या एकेका शब्दावर माणसं फासावर गेली किंवा सुटली, तो 'वह्या-पुस्तकं' या दराने किलोवर जाताना मी पाहिला. रद्दीवाल्याने पुठ्ठा ओरबाडून वेगळा काढला. पुठ्ठ्याचा भाव निराळा असतो.

माझे एक वकील मित्र आहेत. त्यांनी माझा आनंद बघून लगेच हरकत घेतली. "पूर्ण मेलेला नाही हो तो. आधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली चालायचेत." म्हटलं, चालू द्या. पण नवीन गिऱ्हाईक नाही ना?

जुनी दंडसंहिता निवांत वाचायला घेतल्यावर लक्षात येतं, की ही एक कादंबरी आहे आणि तिचा नायक 'ए' नावाचा माणूस आहे. मेकॉलेने १८३७ मध्ये मसुदा केला, तो मंजूर व्हायला १८६० उजाडलं आणि मेकॉले त्याच्या आदल्या वर्षीच गेला. पण कलमं समजावीत म्हणून दिलेल्या उदाहरणांत हा 'ए' अमर झाला. त्याच्या विरुद्ध उभा आहे बिचारा 'झेड'. ए खड्ड्यावर काटक्या आणि गवत अंथरतो, झेड त्यात पडतो. पुढे झेड स्नानाला बसलेला असताना ए त्याच्या स्नानाच्या पाण्यात उकळतं पाणी ओततो. झेड नावेत बसला तर ए दोर सोडतो. झेड पालखीतून निघाला तर ए पालखीचा दांडा धरतो. झेडने साहेबी थाटात बर्फघर बांधलं, तर ए त्यात पाणी सोडून बर्फ वितळवतो! चोरीच्या कलमात तर ए खिशात खाऊ ठेवून झेडचा कुत्रा मागे मागे नेतो. दीडशेहून जास्त वर्षं हे चाललं होतं आणि या उदाहरणांत कुठेही ए पकडला गेल्याचा उल्लेख नाही. झेडही कमालीचा चिवट. एका कलमात मेला की दुसऱ्यात टवटवीत होऊन पालखीत बसतो. इतकं होऊन त्याने ए ला घरी बोलावणं सोडलेलं नाही, आणि हे कसं ते कोणत्याही पुणेकराला कळणार नाही.

कायद्याची पुस्तकं जमवणाऱ्याची खरी गंमत मात्र ४११ व्या कलमात आहे. चोरीचा माल, चोरीचा आहे हे ठाऊक असून लबाडीने घेणारा, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आता वर सांगितलेला जांभळा शिक्का आठवा. वाचनालयाने रद्दीत काढलेल्या पुस्तकावर 'रद्द' असा शिक्का पडायला हवा. तो नसेल, तर ते पुस्तक कुणीतरी परत केलेलं नाही. हे मी एका दंडसंहितेच्या प्रतीबाबतीत पुस्तकवाल्याच्या नजरेला आणून दिलं. प्रत एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयाची होती, चार ठिकाणी शिक्का होता, आणि ज्या पानावर ४११ कलम होतं तिथे तर शिक्का विशेष ठसठशीत उमटला होता.

"अहो, हे तर चोरीचं दिसतंय."

"काका, शिक्का आहे म्हणजे ओरिजिनल आहे. बिनशिक्क्याचं घेऊ नका, डुप्लिकेट निघतं."

या युक्तिवादावर रतनलाल-धीरजलाल यांनी काय टीका केली असती, ते सांगता येत नाही. मी कलम पुन्हा वाचलं, ग्रंथालय शोधत त्या गावी पत्र टाकलं, आणि पत्र 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आलं. ते पाकीट मी त्याच पानात ठेवलं. पुढेमागे विचारणा झालीच, तर लबाडी नव्हती याचा पुरावा म्हणून.

प्रत्येक संग्राहकाचं एक न मिळालेलं पुस्तक असतं. माझं आहे १९०८ च्या टिळक खटल्याचा अधिकृत वृत्तांत. न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी तो प्रसिद्ध केला. न्यायमूर्ती दावर, नऊ ज्युरर, सात विरुद्ध दोन असा निकाल आणि सहा वर्षं काळं पाणी. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि भाषण एकवीस तासांच्या वर चाललं. ते वाचून आजचे वकील तारखा का मागतात, ते कळतं. ती मूळ प्रत एकदा मला दिसली. पाककृतींचं पुस्तक, बागकाम, सगळे विधी यथासांग केले. विक्रेत्याने भाव सांगितला. मी म्हटलं, "अहो, पुस्तक मागतोय, सिंहगड नाही." तो म्हणाला, "साहेब, सिंहगड अजून जाग्यावर आहे. हे उद्या नसेल." दुसऱ्या दिवशी नव्हतंच.

एका बाबतीत मात्र माझं मुरण्याचं तत्त्व चालत नाही. जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या चौघा आरोपींपैकी मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेलं 'येस, आय ॲम गिल्टी' हे पुस्तक मला मिळालं. १९७६-७७ मध्ये पुण्यात एकामागून एक माणसं गळा आवळून मारली गेली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. हिशेबाने बघता मुरायला भरपूर वर्षं झाली. मी मोठ्या उत्साहाने ते पुस्तक समोरच्या घरातल्या आजींना दाखवायला गेलो. त्या सदाशिव पेठेतल्या, आयुष्यभर रहस्यकथा वाचलेल्या, खुनी पंधराव्या पानावर ओळखणाऱ्या. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि हात मागे घेतला. "त्या वर्षी संध्याकाळी सातला कड्या लावून बसायचो आम्ही. ओळखीचा आवाज आला तरी यांनी आधी खिडकीतून बघितल्याशिवाय दार उघडलं नाही. हे नको दाखवूस." मग त्यांनी विषय बदलला, चहा टाकला आणि माझ्याकडून दोन अर्नाळकर मागून घेतले. खून किती शिळा झाला हे कागदाच्या पिवळेपणावर ठरत नाही, ज्यांनी कड्या लावल्या त्यांच्यावर ठरतं. ते पुस्तक मी ठेवलंय, पण बैठकीच्या खोलीत नाही.

शेवटी हा वकील मित्रांचा प्रसंग. दिवाळीत ते घरी आले, मी भाजीला गेलो होतो. परत येऊन बघतो तर कपाटात दात पडल्यासारखी फट. शिक्क्याची ती दंडसंहिता, आतल्या पाकिटासकट, गायब. बायको म्हणाली, "भावजी घेऊन गेले. म्हणाले, वाचून देतो." फोन केला.

"विचारलं तरी होतंत का? ही चोरी झाली."

"मुळीच नाही," ते म्हणाले. "चोरीच्या ३७८ व्या कलमातलं उदाहरण बघा. ए आणि झेड यांचे संबंध मैत्रीचे आहेत. झेड घरात नसताना ए त्याच्या ग्रंथालयातून एक पुस्तक उचलतो, फक्त वाचायला, परत करायच्या बोलीवर. झेडची हरकत नसेल असं ए ला मनापासून वाटत असेल, तर ती चोरी नव्हे."

मी त्यांना ठणकावून सांगितलं, की असं काही उदाहरण नाही.

"आहे ना. काढून बघा पुस्तक."

"ते तुमच्याकडे आहे!"

"मग कसं बघणार?" पलीकडून सावकाश चकली मोडल्याचा आवाज आला. "आणि तसंही तो कायदा आता रद्द झालाय. दिवाळी यंदाची आहे, म्हणजे तक्रार नव्या संहितेखाली करावी लागेल. चोरीचं कलम ३०३. वाचून घ्या."

तेच अडलंय. नवी संहिता माझ्याकडे नाही. ती अजून रद्दीत यायची आहे.